टेकडीची सेवा

गेल्या महिन्यांत एका वाचकांचें पत्र आम्हांस आलें. पत्रलेखक पुण्याचे, वयानें आमच्याच बरोबरीचे व एका मोठ्या एकत्र कुटुंबाचे कर्ते आहेत. ते लिहितात कीं, त्यांचे धाकटे चिरंजीव दर रविवारीं पहाटें उठून वेताळ टेकडीवर जातात, पाण्याचे डबे खांद्यावरून वर नेतात, तेथील रोपांस पाणी घालतात आणि दहाच्या सुमारास घामाघूम होऊन घरीं परततात. "घरच्या कुंड्यांना पाणी घाल, असें ज्यास दोनदां सांगावें लागतें, त्यानें परक्या डोंगरावर फुकटची हमाली करावी, ह्यांत सेवा कोणती आणि शहाणपण कोणतें?" असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. हल्लीं गांवोगांवच्या टेकड्या, तळीं व राखीव वनें यांच्या देखभालीसाठीं तरुण मंडळी स्वखुषीनें जमूं लागली आहेत. तेव्हां हा प्रश्न पुष्कळ घरांत निघत असला पाहिजे. म्हणून त्याचें उत्तर येथेंच देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पत्रलेखकांची अर्धी तक्रार आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. दारची तुळस सुकत असतां डोंगरावरचें झाड जगविण्यास धांवणाऱ्याची स्तुति आम्ही करणार नाहीं. ती गोष्ट वडिलांनीं मुलास स्पष्टपणें सांगावी, व मुलानें ती मुकाट्यानें ऐकावी. परंतु टेकडीवरील काम फुकटची हमाली आहे कीं काय, हा प्रश्न वेगळा. त्याचा निवाडा रागावर सोडूं नये, हिशेबानें करावा.

पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७० सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. टेकडीवर माती वीतभर. तिच्याखालीं मुरूम, आणि त्याखालीं कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा काळा कातळ. आषाढांत लावलेलें रोप कार्तिकापर्यंत टवटवीत दिसतें, आणि फाल्गुनांत काडी होऊन उभें राहतें. आतां समजा, एका रोपास पंधरवड्यास पांच लिटर पाणी द्यावयाचें. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत बारा पाळ्या होतात, म्हणजे एका रोपास साठ लिटर व शंभर रोपांस सहा हजार लिटर. धडधाकट तरुण एका खेपेस दहा लिटर वर नेतो असें धरिलें, तर ह्या सहाशें खेपा झाल्या. आणि त्याहि एका वर्षाच्या. मुळें खोल जाऊन झाड स्वतःच्या पायावर उभें राहीपर्यंत असे दोन-तीन उन्हाळे काढावे लागतात. रोप लावण्यास अर्धी घटका पुरते. तें जगविण्यास तीन वर्षें लागतात. वृक्षारोपणाच्या समारंभास शंभर हात पुढें येतात, भाषण होतें, छायाचित्र निघतें. चैत्राच्या उन्हांत डबा उचलावयास मात्र चारच हात उरतात. पत्रलेखकांचे चिरंजीव त्या चारांपैकीं आहेत. त्यांच्या कामांतील मोलाचा भाग कोणता म्हणाल, तर 'दर रविवारीं' हे दोन शब्द. हमाल मजुरी घेऊन मोकळा होतो. हा मुलगा दुसऱ्यांनीं उत्साहाच्या भरांत केलेलें कर्ज फेडीत आहे.

एवढें म्हटल्यावर आमचें काम संपलें असें नाहीं. पाणी घालावयाचें तें कोणत्या झाडास, आणि तें झाड लाविलें कोठें, हा ह्याहून नाजूक प्रश्न आहे. झाड म्हणजे पुण्य आणि माळ म्हणजे ओसाडी, असें समीकरण आपल्या मनांत लहानपणापासून बसलेलें असतें. म्हणून टेकडीवर गवताचा उघडा उतार दिसला कीं, भल्या माणसाचा हात कुदळीकडे जातो. परंतु उतार उघडा असला तरी रिकामा नसतो. टिटवी आपलीं अंडीं उघड्या जमिनीवरच घालते. खड्यांच्या रंगांत तीं अशीं मिसळून जातात कीं, पाऊल पडेपर्यंत दिसूं नयेत. चंडोलाचें घरटें गवताच्या बुडाशीं, तित्तिराचेंहि भुईवरच. मृगाच्या सरी पडल्या म्हणजे ह्याच उतारावर पांढरी मुसळी फुलते, कळलावी ज्वाळेसारखीं फुलें घेऊन वर येते, आणि जमिनींतून उगवणारी आमरी आपला तुरा उभारते. गवत करडें होतांच हा सगळा संसार पुनः भूमिगत होतो. जो केवळ उन्हाळ्यांत येतो, त्यास वाटतें कीं येथें कांहींच नव्हतें. अशा ठिकाणीं रांगेनें खड्डे खणले, तर एका झाडासाठीं दहा घरें मोडलीं असा त्याचा अर्थ होतो.

उतारांवर व ओहोळांच्या कांठीं जेथें झाडांची जागा आहे, तेथें तीं लावावींत. पण तीं त्या भूमीचीं असावींत. सालई, मोई, मेडशिंग, गणेर, पळस, पांगारा, खैर, हिवर हीं पुण्याकडच्या टेकड्यांवरचीं खरीं वतनदार झाडें. तीं विरळ वाढतात, त्यांपैकीं पुष्कळ उन्हाळ्यांत पानें टाकून पाणी वांचवितात, आणि शोभेच्या झाडांची मिजास त्यांस नसते. ह्याच्या उलट उदाहरण पाहावयाचें असेल, तर माघ-फाल्गुनांत ह्याच टेकड्यांवर फुलणारा फिकट गुलाबी बहर पाहावा. तो गिरिपुष्पाचा. नांव इतकें गोड व संस्कृत कीं, एखाद्या काव्यांतून तें झाड येथें उतरलें असावें असें वाटतें. वस्तुतः तें मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील असून, ग्लिरिसिडिया ह्या त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थ 'उंदीर मारणारें' असा आहे. निकृष्ट जमिनींत तें भराभर वाढतें, आपल्या मुळांवाटें जमिनीस नत्र देतें, म्हणून उघड्या टेकड्या लौकर हिरव्या करण्याच्या हेतूनें तें विपुल लावण्यांत आलें. लावणारांचा हेतु निर्मळ होता व टेकड्या हिरव्याहि झाल्या; परंतु त्याच्या दाट राईखालीं गवत व देशी रोपें फारशीं वाढत नाहींत. सद्धेतु आणि सत्फल ह्यांच्यामध्यें ज्ञानाचा पूल लागतो, तो येथें अपुरा पडला. स्वयंसेवकांनीं ही गोष्ट मनाशीं पक्की बांधावी.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, टेकडीच्या सेवेंतील पहिली पायरी कुदळ नव्हे, दृष्टि होय. कोणत्याहि घरानें प्रथम एक वर्षभर महिन्यांतून एकदां तेथें नुसतें फिरावयास जावें. मंडळी थोडी असावी, आवाज खालीं असावा, पायवाट सोडूं नये, आणि बरोबर एक वही असावी. मुलानें विचारिलेल्या प्रश्नाचें उत्तर येत नसेल, तर 'उगाच कांहींतरी विचारूं नकोस' असें न म्हणतां तो प्रश्न वहींत उतरून घ्यावा, व जाणत्यास विचारावा. ह्या साध्या गोष्टीचा महिमा केवढा आहे, हें डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या चरित्रावरून दिसतें. आईबाप लहानपणींच निवर्तल्यामुळें ते मुंबईस आपले मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरीं वाढले. खेळांतल्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांस पिवळा डाग दिसला, आणि हा पक्षी कोणता, असें त्यांनीं मामांस विचारिलें. मामांस तें सांगतां येईना. परंतु त्यांनीं मुलास गप्प बसविलें नाहीं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड साहेब यांच्याकडे त्यांनीं त्यास धाडून दिलें. साहेबांनीं पक्ष्याचें नांव तर सांगितलेंच, शिवाय संग्रहांतील पेंढा भरलेले पक्षी त्या पोरास काढून दाखविले. घरांतील वडील माणसानें एका प्रश्नाचा मान राखिला, आणि देशास पक्षिशास्त्राचा आचार्य मिळाला. ही संस्था १८८३ सालीं ज्या आठ गृहस्थांनीं स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपलेच होते, हेंहि आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

वहींतील नोंदींस घरगुती करमणूक समजूं नये. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२३ सालीं जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत ९४२ जातींचा विचार केलेला आहे. आणि त्याचा पाया म्हणजे सुमारें तीस हजार निरीक्षकांनीं पाठविलेल्या सुमारें तीन कोटी नोंदी. त्यांतील बहुतेक निरीक्षक आपल्यासारखेच नोकरीधंद्याचे हौशी लोक. माळरानासारख्या उघड्या प्रदेशांत राहणाऱ्या पक्ष्यांची घट विशेष आहे, हा त्या अहवालांतील एक निष्कर्ष. म्हणजे ज्या उतारास आपण ओसाड म्हणतों, त्याचेच रहिवासी आज संकटांत आहेत, आणि हें कळलें तें वही घेऊन हिंडणाऱ्या सामान्य माणसांमुळें.

वर्षभर अशी ओळख झाली म्हणजे हातांनीं करावयाचीं कामें ऋतुमानाप्रमाणें आपोआप सुचतात. वर्षाऋतूंत थोडीं, जगवितां येतील तितकींच रोपें लावावींत, आणि गाजरगवत उपटावें. हें तण भारतांत प्रथम नजरेस आलें तें पुण्यांतच, १९५५ च्या सुमारास. आतां तें देशभर पसरलें आहे. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, कित्येकांस दम्याचा त्रास होतो. म्हणून हातमोजे घालून, फुलें येण्यापूर्वीं, मुळासकट उपटावें. हेमंतांत गवत वाळूं लागलें म्हणजे आगीचें भय सुरू होतें. टेकडीवरील वणवे बहुधा आपोआप लागत नाहींत. कोणाची तरी विडी किंवा कोणाची तरी चूल त्यांच्या मुळाशीं असते. अशा वेळीं वनखात्याच्या परवानगीनें व त्याच्या माणसांच्या देखरेखीखालीं जाळरेषा काढण्यास, म्हणजे ठराविक पट्ट्यांतील गवत काढून आगीची वाट तोडण्यास, हात लावावा. ग्रीष्मांत पाणी. आणि बारा महिने कचरा. दुसऱ्याचा उचलण्याआधीं स्वतःचा परत आणावा. वानरांस पोळी किंवा पक्ष्यांस शेव टाकून पुण्य जोडण्याचा मोह मात्र आवरावा. रानच्या जीवास रानचें अन्न पुरतें; आपल्या दानानें त्यास माणसामागें लागण्याची संवय जडते, व पुढें तोच जीव उपद्रवी ठरून मार खातो.

ह्यांत आमच्या भगिनींचा व घरांतील वृद्धांचा वांटा कोणता, असें कोणी विचारील. तो सर्वांत मोठा आहे. हरितालिकेच्या व गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं बाजारांत पत्रीच्या जुड्या विकावयास येतात. त्यांतील पुष्कळसा पाला टेकड्यांवरून ओरबाडून आणलेला असतो, आणि त्यांतील पानें कोणतीं, हें घेणारांस ठाऊक नसतें. आपल्या आज्यांस आघाडा, माका, डोरली, शमी, अर्जुन, विष्णुक्रांता हीं नुसत्या पानावरून ओळखतां येत. पूजेच्या निमित्तानें वनस्पतिशास्त्राचा एक पाठ दरवर्षीं घरोघरीं होत असे. आजच्या सुनेस तीं ओळखतां येत नसतील, तर दोष तिचा नव्हे. तिला दाखविणारें कोणी उरलें नाहीं. म्हणून ज्या घरांत अशी जाणती आजी आहे, त्या घरानें तिला हात धरून टेकडीच्या पायथ्यापर्यंत तरी न्यावें, व नातवंडांस तिच्याजवळ बसवावें. पुस्तकांत न सांपडणारीं नांवें तिच्याबरोबर जाण्यापूर्वीं वहींत उतरलीं पाहिजेत. आणि पूजेसाठीं लागणारी चार-सहा प्रकारची पत्री अंगणांत किंवा सज्जांतील कुंड्यांत लावावी. देवास वाहिलेलें पान आपण वाढविलेलें असावें. डोंगरावरून उपटून आणलेलें नसावें. ह्या कुंड्यांना पाणी घालण्याचें काम रविवारच्या स्वयंसेवकांवर सोपवावें, म्हणजे पत्रलेखकांची तक्रारहि आपोआप मिटेल.

एक गोष्ट आणखी. ही टेकडी आपल्या नांवावर नाहीं, तिचें भाडें आपणांस मिळत नाहीं, आणि आज लावलेल्या सालईच्या सावलींत आपण बसूं याचा भरंवसा नाहीं. नेमकें ह्याचमुळें ती मुलांस सेवेचा खरा धडा देते. शाळेंत गुण मिळतात, कचेरींत पगार मिळतो. येथें केलेल्या कामाची पावती म्हणून कदाचित् चौथ्या वर्षीं एक हिरवें पान दिसतें. ज्यास तेवढ्यावर समाधान मानतां येतें, तो पुढें घरांतील आजारी माणसाच्या उशाशींहि न कंटाळतां बसतो, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या वाचकांनीं आपल्या गांवच्या टेकडीवर, तळ्यावर किंवा देवराईंत ह्या महिन्यांत एकदां सहकुटुंब जावें आणि तेथील पांच झाडांचीं व पांच पक्ष्यांचीं नांवें स्थानिक माणसांस विचारून लिहून आणावींत. सध्यां खड्डा एकहि खणूं नये.