मैत्रिणीला कॅन्सर झालाय, आपण काय करायचं?

ओळखीतल्या कुणाला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं की आपण काय म्हणतो? "काही होत नाही गं, देवावर विश्वास ठेव." एवढं बोलून चहा पिऊन घरी येतो. हे वाक्य चुकीचं नाही, पण अपुरं आहे असं माझं मत आहे.

केमो साधारण दर दोन-तीन आठवड्यांनी असते. केस गळतात, तोंड येतं, जेवणाची चव जाते. पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर भेटायला जाऊच नका, फोन करा. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. पाण्याचा हंडा तुम्ही उचला. तिच्या मुलांचा अभ्यास घ्या. आणि हो, हा आजार संसर्गजन्य नाही, तिचा कप वेगळा ठेवू नका!

मग श्रद्धेचं काय? ती हवीच. परळच्या टाटा हॉस्पिटलात लांबून आलेल्या कितीतरी रुग्णांना दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आसरा देते. तीही श्रद्धाच ना? पण केमो चालू असताना तिला सोळा सोमवार धरायला लावू नका. उपास तुम्ही करा, तिला मुगाची मऊ खिचडी नेऊन द्या. अंगारा लावायचा तर जरूर लावा, केमोची तारीख मात्र चुकवायची नाही.

आणि केस गेल्यावर स्कार्फ आणायचा की टोपी, ते आधी तिला विचारा. काही जणींना दोन्ही नको असतं.