बालाघाटाची बालेघाटी

लावणी म्हटली की ढोलकी, घुंगरू आणि शिट्ट्या डोळ्यांपुढे येतात. परंतु डोळ्यांत पाणी आणणारीही एक लावणी आहे. तिचे नाव बालेघाटी. जुन्नरची ती जुन्नरी, तशी बालाघाटाची ती बालेघाटी. तिचा विषय विरह.

आम्ही हिमायतनगरकर पैनगंगेकडचे. गोदावरी ओलांडून कंधार-मुखेडकडे गेलो की बालाघाटाचे डोंगर लागतात. लातूर, धाराशिव, बीड करीत ते पार नगरकडे जातात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता'. पाच-सहा महिने घर सांभाळतात म्हातारी माणसे आणि मागे राहिलेली लेकरे. विरहाच्या लावणीला या डोंगराचे नाव शोभते, असे आम्हास वाटते ते यासाठीच.

तमाशात ही कला जगविली ती बहुतांशी गावकुसाबाहेरच्या कलावंतांनी. त्यांचाही फड गावोगाव फिरणारा, लेकरे मागेच. बंधू-भगिनींनो, बालेघाटीला टाळी जरूर द्या. पण कोयत्यावर वा फडावर गेलेल्यांच्या लेकरांची शाळा सुटू नये हे पाहा. खरी दाद तीच होय.