एड टेम्पल यांची ४४ वर्षे आणि महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे भवितव्य

अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने जून २०२५ मध्ये आपल्या ॲथलेटिक्स विभागाची फेररचना जाहीर केली. उड्या आणि फेकीचे प्रकार बंद, वेगवान धावा व अडथळ्यांच्या शर्यतींना जेमतेम जागा आणि सारा भर लांब पल्ल्यावर, असे तिचे स्वरूप आहे. याच विद्यापीठाच्या हेन्री रोनो याने १९७८ मध्ये अवघ्या ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम नोंदविले होते. तेव्हा लांब पल्ला राखून ठेवण्यास तेथे परंपरेचा आधार आहे, हे मान्य. परंतु निर्णयामागचे खरे कारण पैशाचे आहे.

त्याच जून महिन्याच्या ६ तारखेला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेविरुद्धच्या 'हाउस' खटल्यातील तडजोडीवर शिक्कामोर्तब केले. माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई द्यावयाची आहे, शिवाय १ जुलै २०२५ पासून या व्यवस्थेत सामील झालेले प्रत्येक विद्यापीठ वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटू शकते. दशकानुदशके विद्यापीठांची तिजोरी भरणाऱ्या खेळाडूला त्याचा वाटा मिळाला, यात अन्याय्य काही नाही. उलट तो फार उशिरा मिळाला. मात्र या रकमेचा मोठा हिस्सा अमेरिकी फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार, हे उघड आहे. ॲथलेटिक्सला प्रेक्षक तिकीट काढून येत नाहीत. नव्या नियमांनी पूर्वीची शिष्यवृत्तींची मर्यादा (पुरुषांसाठी १२.६, महिलांसाठी १८) उठविली आणि तिच्या जागी पुरुष व महिला संघांना प्रत्येकी ४५ खेळाडूंची मर्यादा घातली. कागदावर ही उदारता दिसते. प्रत्यक्षात एवढ्या शिष्यवृत्त्यांना पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाशी विद्यापीठे अडतात आणि संघात दहा-बारा जागा मिळविणारा, अद्याप न फुललेला धावपटू सर्वांत आधी बाहेर पडतो.

अशा न फुललेल्या मुलांना हाती घेऊन चार वर्षांत घडविणे, हाच महाविद्यालयीन स्प्रिंट प्रशिक्षकाचा व्यवसाय. तो नेमका काय असतो, हे पाहावयाचे तर आज कोट्यवधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या विद्यापीठांपेक्षा नॅशव्हिल येथील टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाकडे आणि एड टेम्पल या माणसाकडे पाहिलेले बरे.

टेम्पल यांचा जन्म १९२७ चा, पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्गचा. ते स्वतः धावपटू म्हणून टेनेसीत आले आणि १९५० मध्ये पदवी मिळताच त्यांच्याकडे महिला संघाचे प्रशिक्षकपद सोपविण्यात आले. वेतन महिना १५० डॉलर. त्यात विद्यापीठाचे टपाल कार्यालय सांभाळण्याचे कामही अंतर्भूत होते. पुढे त्यांनी समाजशास्त्र शिकविले. धावपट्टी म्हणजे मातीची, अर्धवट आखलेली वाट. तिच्यावर रेघा मारण्यापासूनची कामे प्रशिक्षकाच्या माथी होती. मुलींना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. विद्यापीठाच्या आवारात दररोज काम करून त्यांना शिक्षणाचा खर्च भागवावा लागे. स्पर्धांना जाण्यासाठी मोटारगाडी होती, पण दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे लागू असल्याने वाटेतील उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे त्यांना बंद होती. शिदोरी बरोबर घ्यावयाची आणि आडोशाला शेतात उतरावयाचे, असा तो प्रवास. ऑलिम्पिक पदके आणणाऱ्या मुली असा प्रवास करीत होत्या, याचा विसर पडला की पुढील आकड्यांचे मोल कळत नाही.

१९५० ते १९९४ या ४४ वर्षांत टेम्पल यांच्या हाताखालून ४० ऑलिम्पिकपटू घडले. त्यांनी २३ पदके जिंकली आणि त्यांपैकी १३ सुवर्ण होती. मेलबर्न येथे १९५६ मध्ये अमेरिकेच्या ज्या महिला रिले संघाने कांस्यपदक मिळविले, त्यातील चौघीही टेनेसी स्टेटच्या होत्या. त्यांत विल्मा रुडॉल्फ ही १६ वर्षांची शाळकरी मुलगी होती. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेली, बावीस भावंडांत विसावी. ती शाळेच्या बास्केटबॉल सामन्यात खेळत असताना तेथे पंच म्हणून उभे असलेल्या टेम्पल यांनी तिला हेरले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये टेम्पल अमेरिकेच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि रुडॉल्फने १०० मीटर, २०० मीटर व रिले अशी तीन सुवर्णपदके पटकाविली. रिलेच्या अंतिम फेरीत शेवटच्या टप्प्यावर बॅटन घेताना गडबड झाली, वेग तुटला, तरी तिने जर्मनीला मागे टाकले. चौघीही पुन्हा एकाच विद्यापीठाच्या. मायदेशी परतल्यावर क्लार्क्सव्हिल या तिच्या गावी निघालेली मिरवणूक आणि मेजवानी वर्णभेदाविना व्हावी, असा आग्रह तिने धरला आणि तो गावाला मानावा लागला.

रुडॉल्फची कथा जगाला ठाऊक आहे. तिच्यामागची व्यवस्था मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि आजच्या चर्चेत उपयोगी पडावी अशी गोष्ट तीच आहे. टेम्पल दर उन्हाळ्यात शाळकरी मुलींना विद्यापीठात बोलावीत. महिनाभर त्या तेथेच राहत. दिवसातून तीन सराव, त्यांतील पहिला भल्या पहाटे. ज्या मुली या उष्णतेत आणि शिस्तीत टिकत, त्यांना पुढील उन्हाळ्यात पुन्हा निमंत्रण येई आणि शाळा संपली की विद्यापीठात प्रवेश. जॉर्जियातील ग्रिफिन या गावची वायोमिया तायस अशीच १५ व्या वर्षी आली. १९६४ मध्ये टोकियो येथे तिने १०० मीटरचे सुवर्ण जिंकले. रौप्य तिच्याच सहाध्यायी एडिथ मॅग्वायरला मिळाले आणि २०० मीटरचे सुवर्णही मॅग्वायरचेच. मेक्सिकोत १९६८ मध्ये तायसने १०० मीटरचे विजेतेपद राखले. ऑलिम्पिकच्या इतिहासात हे करणारी ती पहिलीच व्यक्ती होती. पुरुषांनाही तोवर ते साधले नव्हते. त्याच स्पर्धेत काळ्या मोज्यातील मुठी उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस अजरामर झाले. तायसने आपले रिलेचे सुवर्ण त्या दोघांना अर्पण केले होते, हे मात्र बातमीच्या कोपऱ्यातही क्वचितच आले.

म्हणजे पंधराव्या वर्षी निवड, तीन-चार उन्हाळे, मग महाविद्यालयाची चार वर्षे आणि या सर्व काळात एकच प्रशिक्षक. स्प्रिंटच्या शिक्षणात हे सातत्य चैनीची बाब नसते. शंभर मीटरची धाव साऱ्या अकरा-बारा सेकंदांची. तिच्यातील सुधारणा सेकंदाच्या शतांश भागांत मोजली जाते. ठोकळ्यांतून निघताना अंग किती वेळ पुढे झुकलेले ठेवावयाचे, कमाल वेग आल्यावर खांदे व जबडा सैल कसा राखावयाचा, शेवटच्या तीस मीटरमध्ये वेग कमी होतच असतो तो इतरांपेक्षा कमी कसा ढळू द्यावयाचा, हे सारे शरीराच्या सवयीत मुरावे लागते. नवा प्रशिक्षक येतो तेव्हा बहुधा ही सवय मोडून नवी बसवू पाहतो. दर वर्षी प्रशिक्षक बदलला तर धावपटू कायम पहिल्या वर्षातच राहतो.

टेम्पल यांची शिस्त आज जाचक वाटेल. सरावाला जितकी मिनिटे उशीर, तितक्या फेऱ्या, असा नियम होता. रुडॉल्फ एकदा अर्धा तास उशिरा आली आणि तिने ३० फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी हजर होती. मुलांच्या मोटारीत बसण्यास बंदी होती. मुलींनी आधी 'सभ्य युवती' आणि मग धावपटू असावे, हा त्यांचा हट्ट आजच्या वाचकाला खटकेल आणि तो खटकावा. मात्र धावणाऱ्या स्त्रीला पुरुषी ठरवून हिणवणाऱ्या त्या समाजात, त्यातही कृष्णवर्णीय मुलीकडे पाहण्याच्या नजरेत, हा हट्ट काही अंशी संरक्षक कवचाचेही काम करीत होता. असो. या शिस्तीचा आणखी एक आकडा पदकांहून बोलका आहे. ४० ऑलिम्पिकपटूंपैकी ३९ जणींनी पदवी पूर्ण केली. पदक एखाद्या आठवड्याचे असते, पदवीवर पुढचे आयुष्य उभे राहते, हे समाजशास्त्राच्या या प्राध्यापकाने अचूक ओळखले होते.

पुढे जे घडले, त्यात एक विलक्षण उपरोध आहे. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणारा 'टायटल नाइन' कायदा आला. मोठ्या, श्रीमंत विद्यापीठांना महिलांचे संघ उभारणे आणि शिष्यवृत्त्या देणे भाग पडले. वर्णभेदाच्या भिंतीही तोवर ढासळल्या होत्या. ज्या मुलींना एकेकाळी टेनेसी स्टेटशिवाय दार नव्हते, त्यांच्यापुढे पन्नास दारे उघडली. ज्या न्यायासाठी टेम्पल यांच्या मुली धावल्या, त्याच न्यायाने त्यांच्या विद्यापीठाची मक्तेदारी संपविली. तरीही १९७६ मध्ये कॅथी मॅकमिलनने लांब उडीत रौप्य मिळविले आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे शांद्रा चीझबरोने दोन्ही रिलेंत सुवर्ण जिंकले. टेम्पल निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेची सूत्रे याच चीझबरोकडे आली. टेम्पल २०१६ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी नॅशव्हिलमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला होता.

आता हाउस तडजोडीकडे पुन्हा पाहिले, तर तिचा धोका कोणाला आहे, हे ध्यानात येते. शा'कॅरी रिचर्डसनसारख्या तयार ताऱ्याला पुरस्कर्ते मिळतात. तिच्यासाठी विद्यापीठाची गरज एका वर्षापुरती होती. गरज आहे ती सेंट लुशियाच्या ज्युलियन अल्फ्रेडसारख्या मुलीला. कॅरिबियन समुद्रातील या बेटाची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, म्हणजे जवळपास आपल्या तिसवाडी तालुक्याएवढी. ज्युलियन टेक्सास विद्यापीठात आली, तेथे एड्रिक फ्लोरेआल या प्रशिक्षकाच्या हाताखाली अनेक वर्षे राहिली आणि पॅरिस येथे २०२४ मध्ये १०० मीटर १०.७२ सेकंदांत धावून तिने सेंट लुशियाला पहिलेवहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले, तेही सुवर्ण. बेटाकडे गुणवत्ता होती, प्रशिक्षक परक्या देशातील महाविद्यालयाने पुरविला. अशी महाविद्यालये वेगवान धावांतून अंग काढून घेऊ लागली, तर पहिला फटका अमेरिकेपेक्षा अशा लहान देशांना बसेल.

लहान प्रदेशाचा हा मुद्दा गोव्याला परका नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरविली. ४३ क्रीडाप्रकार झाले, यजमानांनी ९२ पदके मिळविली आणि बांबोळीच्या धावपट्टीवर देशातील उत्तम धावपटू धावले. टेम्पल यांना पहिल्या वर्षी जी धावपट्टी मिळाली, तिच्याशी बांबोळीची तुलनाही होऊ शकत नाही. उणीव साधनांपेक्षा माणसाची आहे. आपल्याकडे महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे एक पद असते आणि क्रिकेटपासून बुद्धिबळापर्यंत सर्व संघ, प्रवेशिका, प्रमाणपत्रे, क्रीडादिन हे त्या एकाच माणसाने पाहावयाचे असते. त्यात स्प्रिंटसाठी किती तास उरणार? पावसाळ्यात वर्ग सुरू होतात, पाऊस ओसरल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी होते, काही आठवडे सराव, मग परीक्षा. त्यातून निघालेला विद्यार्थी पदवीनंतर धावणे सोडतो, कारण त्याला पुढे नेणारे कोणी नसते.

भारतात टेम्पल यांच्या जवळ जाणारे नाव घ्यावयाचे तर ते ओ. एम. नंबियार यांचे. वायुदलातून आलेल्या या प्रशिक्षकाने १९७० च्या दशकात पी. टी. उषा हिला शाळकरी वयात हेरले आणि १९८४ मध्ये ती लॉस एंजेलिस येथे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदकापासून सेकंदाच्या शतांशाने दूर राहीपर्यंत तिची साथ सोडली नाही. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत ते होते. पण नंबियार उभे राहिले ते केरळच्या क्रीडा वसतिगृहांच्या बळावर. महाविद्यालयाने त्यांना घडविले नाही. आजही अनिमेष कुजूरने २०२५ मध्ये १०.१८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला तो भुवनेश्वरच्या एका खासगी-शासकीय केंद्रातून, मार्टिन ओवेन्स या परदेशी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. ही केंद्रे चांगलीच आहेत, पण ती मोजकी आहेत आणि तेथवर पोहोचण्यापूर्वीचा टप्पा रिकामाच आहे.

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाले आणि त्यापाठोपाठ स्टेडियमांची चर्चा सुरू झाली. गोवा विद्यापीठाने धावण्यासाठी एक पूर्णवेळ प्रशिक्षक कायमस्वरूपी नेमावा, त्याला मे महिन्याच्या सुटीत डिचोली-काणकोणपासूनच्या शाळकरी मुलामुलींचे निवासी शिबिर भरविण्याचा अधिकार द्यावा आणि किमान पाच वर्षे त्याच्याकडे पदकांचा हिशेब मागू नये, एवढे करण्यास नवी वीट लागत नाही. आज दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या पंधरा वर्षांच्या मुली २०३० मध्ये एकोणीस-वीस वर्षांच्या होतील. टोकियोत पहिले सुवर्ण जिंकले, तेव्हा वायोमिया तायस १९ वर्षांची होती.