पैसे वाजतात कुणाच्या फोनवर?

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. विषय नेहमीचाच, उन्हाळ्यातल्या कामाचा. उडदाचे पापड, कुरडया, सांडगे, शेंगदाण्याची चटणी. दरवर्षी आम्ही हे करतो आणि दरवर्षी त्याच वीस-पंचवीस घरांत विकतो. गटातल्या एकीची मुलगी लातूरला कॉलेजात आहे, ती सुट्टीला आली होती. आमचं तेच ते गुऱ्हाळ ऐकून म्हणाली, "मावशी, थांबा, मी एआयला विचारते."

तिनं फोनशी चक्क मराठीत बोलून विचारलं, उदगीरच्या बायकांनी पापड-कुरडया ऑनलाइन कशा विकाव्यात? अर्ध्या मिनिटात उत्तर हजर. मालाला नावं सुचवली, पाकिटावरचा मजकूर लिहिला, किंमत कशी काढायची ते सांगितलं, जाहिरातीच्या दोन ओळीसुद्धा जुळवून दिल्या. एक जण म्हणाली, "एवढं तर टरेनिंगमध्येबी कुणी सांगितलं न्हवतं." कुरडया तीन दिवस उन्हात वाळवा, असंही त्यानं सांगितलं. त्यावर मात्र सगळ्या हसल्या. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन त्या यंत्राला कुठून ठाऊक असणार!

शेवटचा सल्ला होता, "क्यूआर कोड लावा, पैसे थेट तुमच्या खात्यात जमा होतील."

साठी ओलांडलेल्या आमच्या एक काकू बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "थेट मंजे कुणाच्या? माझ्या दारावर लावलाय की तो कागद. पापड मी लाटते अन् पैसे वाजतेत लेकाच्या फोनवर."

एकदम शांतता पसरली. मग एकेकीला विचारत गेलो. अकराजणींपैकी सातजणींकडे नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्याचा कोड. दोघींचं खातं स्वतःचं, पण बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर घरातल्या पुरुषाचा. आपल्या फोनवर आपले पैसे बघू शकणाऱ्या दोघीच निघाल्या, त्यातली एक मी.

मैत्रिणींनो, पूर्वी पापडाचे पैसे हातात यायचे. त्यातले वीस-पन्नास तांदळाच्या डब्यात जायचे, काही पदराच्या गाठीला. ते पैसे कुणाच्या हिशोबात नसायचे. पोरीची फी, माहेरचं लग्न, स्वतःचं दुखणं त्यातून निघायचं. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि हळूहळू गिऱ्हाईक रोख द्यायचं बंद झालं. त्याचे फायदे मी नाकारत नाही. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, उधारी कमी झाली. पण डबाही गेला. आता बाईनं किती कमावले हे घरात सगळ्यांना कळतं, आणि खर्चायचे कसे हे तिला सोडून बाकीचे ठरवतात. याला आपण डिजिटल व्यवसाय म्हणायचं का?

आता हे त्या एआयला कसं सुचावं? त्याला विचारलं होतं माल कसा विकावा, त्यानं ते सांगितलं. फोन कुणाचा, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. घरोघरचं हे दुखणं कागदावर फारसं येत नाही, मग ते यंत्राच्या वाचनात तरी कुठून येणार? मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही, बी.ए. झालेली बाई. पण गावोगावी बैठका घेताना एक पक्कं कळलंय. अडचण नेमकी काय आहे, हे तिथं राबणाऱ्या बाईला ठाऊक असतं. ते आधी बाहेर यावं लागतं, उपाय नंतरचा.

वीसेक वर्षांपूर्वी मी एमएससीआयटी केलं, तेव्हा सरांनी डॉ. विजय भटकरांची गोष्ट सांगितली होती. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातला हा माणूस. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक द्यायला अमेरिकेनं नकार दिला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि भटकरांकडे हे काम आलं. अमेरिकेसारखं एकच अजस्र यंत्र बनवायचा हट्ट त्यांनी धरला नाही. मोठं काम अनेक लहान प्रोसेसरना वाटून देता येईल का, या वाटेनं ते गेले. असे प्रोसेसर एकमेकांना जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून एकीच्या शिलाई मशीनची सोय करणाऱ्या बायकांना हे गणित नवं नाही! त्या गोष्टीतलं मला आवडलं ते हेच, की त्यांनी प्रश्नच बदलून घेतला.

आता बारामतीचं बघा. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात एआयचा प्रयोग केला. शेतात हवामान केंद्र, मातीतली ओल मोजणारे सेन्सर, वरून उपग्रहाची छायाचित्रं. हे सगळं जुळवून शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप येतो, पाणी केव्हा द्या, किती द्या, कीड येण्याची शक्यता आहे का. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या उसाचं उदाहरण जगापुढे ठेवलं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारनं शेतीतल्या एआयसाठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूदही केली. पाणी वाचतंय, उतारा वाढतोय म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

पण मी लातूर जिल्ह्यात राहते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं, पाणवठ्यांवर जमावबंदी, रात्रीबेरात्री टँकरपुढे घागरींच्या रांगा. आणि त्याच जिल्ह्यात ऊसही उभा होता, साखर कारखानेही.

उसाला कमी पाणी कसं पुरवावं, हा प्रश्न बागायतदाराचा आहे आणि एआय त्याचं उत्तर छान देईल. घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे. दुष्काळी जिल्ह्यात ऊस असावा किती? यंत्रानं वाचवलेलं पाणी जाणार कुठं, गावाच्या विहिरीत की आणखी दोन एकर उसाला? ही बाई कुठल्याच प्रयोगाच्या बैठकीला नसते. तिच्या शेतमजूर बहिणीलाही कुणी विचारत नाही, की बाई, शेतात यंत्र आलं तर तुझी खुरपणी राहणार का? सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं, म्हणून सल्ल्याचा निरोपही जाणार त्याच्याच मोबाइलवर. फिरून आपण काकूंच्या लेकाच्या फोनपाशीच येतो.

मोठमोठी माणसं एआय आपल्या सगळ्या अडचणी सोडवेल असं सांगतात, तेव्हा मला एवढंच विचारावंसं वाटतं, की अडचणींची यादी कुणी केली? त्यात आमच्या किती आहेत? या यंत्राला भिऊन लांब बसणाऱ्या बायकाही मला पटत नाहीत. मराठीत बोललेलं त्याला कळतं, ते दमत नाही, आपल्या अडाणीपणाला हसत नाही. हे काय कमी आहे? फक्त त्याच्यापुढे काय ठेवायचं, हे आपण आपसांत बसून ठरवलं पाहिजे. त्यासाठी बैठकीत काकूंना बोलू दिलं पाहिजे. (आम्हीही त्यांना इतकी वर्षं चहा करायलाच पाठवत होतो, हे इथं कबूल करते.)

त्याच दिवशी मुलीनं दुसऱ्यांदा एआयला विचारलं, बँक खात्याला लेकाचा नंबर जोडलेला आहे, तो काढून स्वतःचा कसा घालायचा? खात्याला आपला नंबर जोडा, ज्या फोनमध्ये ते सिम आहे त्यातच यूपीआय सुरू करा, पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जाऊन अर्ज द्या, असं त्यानं नीट सांगितलं. मी शाखेत जाऊन खात्री केली. या खेपेला उत्तर बरोबर होतं.

सोमवारी पाचजणी अर्ज देऊन आल्या. काकूंच्या लेकानं घरी विचारलं, "कशाला पायजे वेगळं? मी काय पैसे खातो का?" त्या म्हणाल्या, "न्हाई रं बाबा, तुला सारखं विचारायचं मला बरं वाटत न्हाई." तो काहीच बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सिम त्यानंच आणून दिलं. दोघींच्या घरी मात्र प्रकरण चिघळलंय. एकीचा अर्ज नवऱ्यानं परत घ्यायला लावला. तिच्याकडे शनिवारी आम्ही चौघी जाणार आहोत.

फोनसाठी गटातून कर्ज द्यायचं ठरलंय. महिन्याच्या रिचार्जचे पैसे गटानं भरायचे की ज्याचे त्यानं, यावर अजून वाद चालू आहे.