मागण्याआधी माहिती

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढच्या चौकात पाणी किती, हे वाटेत अडकलेल्या हजारो लोकांना कळत नव्हतं. आज मुंबई महापालिका पाऊस, भरतीच्या वेळा, शहराला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांतला साठा संकेतस्थळांवर देते. हे मोलाचं काम आहे. पण आपल्या गल्लीतल्या गटाराचं कंत्राट कुणाला, कितीला दिलं, हे शोधताना अनेक शहरांतला नागरिक दमून जातो. ही माहिती सापडलीच, तर स्कॅन केलेली पुसट पानं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर म्हणतं, की अशी माहिती कुणी मागण्याआधीच, स्थानिक भाषेचा विचार करून जाहीर करावी. नालेसफाईचा प्रभागवार हिशेब पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, मराठीत, मोबाइलवर वाचता यायला हवा.