मेरीमूरचा चहा



परसबागेतल्या भाज्यांविषयी लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या अंकात. आज मेरीमूर पार्कबद्दल.

तिथल्या क्रिकेटच्या मैदानावर शनिवारी आमचा जुना कंपू जमतो. गुडघे गेले, तेव्हा आता आम्ही स्कोअर लिहितो आणि थर्मासमधला चहा संपवतो. त्यात कराचीचे एक गृहस्थ आहेत. आपली मंडळी मला भाऊ म्हणतात, तर ते माझं नावच आहे असा त्यांचा समज झाला. आजही ते 'भाऊसाहब'च म्हणतात.

घरोबा झाला तो कारगिलच्या वर्षी. 8 जून 1999, मँचेस्टरला वर्ल्ड कपमधला भारत-पाकिस्तान सामना. तिकडे डोंगरात लढाई चालू, आणि इकडे रेडमंडला पहाटे पावणेतीनला दोन घरं एका टीव्हीसमोर. डिश त्यांच्याकडे होती, म्हणजे गरज आमची. सौ.ने डबाभर उपमा नेला. वेंकटेश प्रसादने पाच बळी घेतले, आपण 47 धावांनी जिंकलो. टाळीसाठी उचललेले हात मी तसेच खाली घेतले. ते म्हणाले, "बजाइए भाऊसाहब, किराया नहीं लगेगा."

त्यांचे वडील कराचीच्या एन.जे.व्ही. शाळेत शिकले. 1855 साली सुरू झालेली ही शाळा. ही तीन अक्षरं म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, सिंधच्या शिक्षण खात्यातले आपले मराठी गृहस्थ, हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग कराचीला भावाला फोन लावून त्यालाही सांगितलं.

2024 च्या जूनमध्ये तर आमची मोठीच पंचाईत झाली. डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं, सुपर ओव्हर टाकली ती मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. हाच मुलगा 2010 च्या एकोणीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून पाकिस्तानविरुद्ध हरला होता. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने कोहली आणि रोहितला बाद केलं, आणि पंतचा त्रिफळा उडवला तो पाकिस्तानात जन्मलेल्या अली खानने. एकाच संघात दोघे! टाळ्या कुणी कुणासाठी वाजवायच्या हे त्या दिवशी आम्हाला ठरवता आलं नाही. (भारत जिंकला, म्हणून माझं निभावलं.)

पण 2025 चं वर्ष तसं हसण्यावारी नेण्याचं नव्हतं. 22 एप्रिलला पहलगामला 26 माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातली सहा, आणि त्यातली तीन डोंबिवलीची. माझं आजोळ डोंबिवलीचं. दोन शनिवार मी मैदानावर गेलो नाही. त्यांचा फोन आला, तोही उचलला नाही. त्यांचा काय दोष, हे कळत होतं. तरी हात पुढे होईना. मग 7 मेपासून दोन्हीकडे स्फोटांच्या बातम्या. त्यांची बहीण लाहोरला असते, हे मला ठाऊक होतं. तरी मीही फोन केला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.

10 मेला, शनिवारीच, शस्त्रसंधी झाली. भारतात संध्याकाळचे पाच, आपल्याकडे पहाटेचे साडेचार. नऊ वाजता मी मेरीमूरला गेलो. ते स्कोअरच्या टेबलाशी एकटेच बसले होते, समोर दोन कप.

"भाऊसाहब, डोंबिवली आपका ननिहाल है न? सब ठीक?"

मी मान हलवली. मग विचारलं, "बहेनजी?"

"चार रात से सोई नहीं."

चहा झाला. त्यानंतर पहलगामवरून आमचं भांडणही झालं, आवाज चढले, पोरं वळून पाहू लागली. या नादात दुसऱ्या डावातले तीन वाइड लिहायचे राहिले. चूक कुणाची, यावर दर शनिवारी वाद चालू आहे.