यादी भिंतीवर लावा

यंदा जानेवारीत पनवेलला होतो, तेव्हा मामाच्या गावच्या संघावर हरकत आली. खेळावर नाही, गावावर.

थंडी पडली की रायगडात टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. भाताची कापणी उरकून रिकामं झालेलं शेत, नाहीतर सिडकोने सपाट करून ठेवलेला प्लॉट. एका बाजूला मंडप, मंडपात चषकांची रांग, बाजूला फीत बांधलेली मालिकावीराची मोटारसायकल आणि दिवसभर न थकणारा माइक. या स्पर्धेच्या पत्रिकेवर ठळक छापलं होतं : एक गाव, एक संघ. खेळाडू गावचाच हवा, आधार कार्ड सोबत ठेवा.

आता मामाचं गाव कुठलं? नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली जी दहा गावं उठली, त्यांतलं एक. उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, घरं पाडली. माणसं पांगली. कोणी पुष्पकनगरला, कोणी करंजाड्याला, कोणी अजून कामोठ्यात भाड्याने. संघ मात्र जुन्याच नावाने उतरतो. त्या दिवशी अकरांपैकी सहा जणांच्या कार्डावर जुन्या गावाचं नाव होतं, चौघांच्या कार्डावर सेक्टर आणि प्लॉट नंबर, एकाच्या कार्डावर कामोठ्यातली हाउसिंग सोसायटी. पहिल्या सामन्याला कार्डं कोणी पाहिली नाहीत. दुसऱ्यालाही नाहीत. तिसरा सामना हातात आला, तेव्हा मंडपातून दोघे उठून मैदानात आले आणि पाच पोरं बाहेर काढली.

समोरच्या संघात एक डावखुरा वेगवान गोलंदाज होता. माइकवाला एका षटकात त्याचं एक नाव घेत होता आणि पुढच्या षटकात दुसरंच. मामाने शेजारच्याला विचारलं, "त्यो कंच्या गावचा रं?" उत्तर आलं, "त्यांच्या मावशीच्या गावचा. मावशी कंची, ते इचारू नको."

म्हणजे एकाच मैदानावर गावचे पाच जण परके ठरले आणि एक परका गावचा ठरला. दोन्ही निवाडे एकाच मंडपातून आले. मी हे इथे का सांगतोय, तर अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात गेलं वर्षभर माझी एका मित्राशी जुंपलेली आहे. त्याचं म्हणणं असं की अमेरिकन बेसबॉल म्हणजे चाकणचा बैलबाजार. ऐन हंगामात माणसं विकायची, बदलायची, काढून टाकायची. आणि मी त्या उलाढाली रोज सकाळी चहाबरोबर वाचतो, म्हणजे माझीही मती फिरली. आपल्याकडे कसं, संघ म्हणजे आपली माणसं!

आधी मतीबद्दल. २८ सप्टेंबर २०२५ ला आपल्या मंडळाचा भोंडला होता आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो, हे माझ्या बायकोने पुरेशा लोकांना सांगितलेलं आहे. १६२ सामन्यांच्या मोसमाचा तो शेवटचा दिवस. पेनंट म्हणजे विजेत्याची पताका, आणि तिच्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात जी चढाओढ लागते ती पेनंट रेस. आमचे न्यूयॉर्क मेट्स मायामीत खेळत होते, बाद फेरीच्या शेवटच्या जागेसाठी त्यांच्या बरोबरीने धावणारे सिनसिनाटी रेड्स मिलवॉकीत. रेड्स हरले. मेट्सनी नुसतं जिंकायचं होतं. ते ०-४ ने हरले. दोघांचेही ८३ विजय आणि ७९ पराभव झाले, पण आपसांतल्या सामन्यांत रेड्स सरस, म्हणून ते पुढे गेले. आत 'ऐलमा पैलमा' चालू होतं. खिरापत ओळखायला मी वेळेवर पोचलो, एवढंच.

हाच संघ जूनच्या मध्यावर ४५ विजय आणि २४ पराभवांसह सगळ्या मेजर लीगमध्ये पहिला होता. मग उतरण लागली. मेजर लीगमध्ये अदलाबदलीची मुदत असते. त्या वर्षी ती ३१ जुलैच्या संध्याकाळी सहाला संपत होती. मेट्सनी तोवर सेंट लुइसकडून रायन हेल्सली, सॅन फ्रान्सिस्कोकडून टायलर रॉजर्स, बॉल्टिमोरकडून सेड्रिक मलिन्स आणि ग्रेगरी सोटो असे चौघे आणले. हेल्सली म्हणजे सामन्याचा शेवट राखणारा नावाजलेला पिचर, म्हणजे गोलंदाज. तो आला तेव्हा मी घरात जाहीर केलं, आता झालं! झालंच, पण उलटं. त्याने जिंकत आलेले सामने घालवले, मलिन्सची बॅट गप्प राहिली. आणि ऑगस्टच्या मध्यावर खालच्या संघातून वर आणलेला नोलन मॅक्लेन नावाचा पोरगा मात्र आठ सामन्यांत पाच जिंकून गेला. मुदतीच्या गदारोळात ज्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं, तोच एकटा उभा राहिला. हे वाचत राहण्यात काय गंमत आहे, ते मित्राला कळत नाही. सामना तीन तासांत संपतो. यादी रोज चालू असते.

आता त्या बाजाराचे नियम पाहा. वरच्या संघात सव्वीस जण, सप्टेंबरात अठ्ठावीस. त्यांच्यासकट राखीव यादी चाळीसची. एकाच खेळाडूला एका मोसमात खाली पाठवायचं ते जास्तीत जास्त पाचदा. जखमी असेल तर त्याची वेगळी यादी. फलंदाज किमान दहा दिवस त्या यादीत, पिचर किमान पंधरा. ३१ ऑगस्टपर्यंत जो संस्थेच्या दाखल्यावर नाही, तो बाद फेरीत खेळू शकत नाही. दहा वर्षं खेळलेला आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू अदलाबदलीला साफ नकार देऊ शकतो. आणि हे सगळं त्याच दिवशी जाहीर होतं. पनवेलच्या माइकवाल्यासारखी नावं फिरवायची सोय नाही.

सप्टेंबरातलीच एक गोष्ट. मेट्सचा जपानी पिचर कोदाई सेंगा दुखापतीनंतर लयीत येत नव्हता. संघ शर्यतीत, सामने मोजके उरलेले. त्याला सिराक्यूसच्या दुय्यम संघात पाठवायचं ठरलं. पण त्याच्या करारात कलम होतं की त्याच्या संमतीशिवाय त्याला खाली पाठवता येणार नाही. संघाने विचारलं, तो हो म्हणाला आणि गेला. पेनंट रेसच्या ऐन भरात, कोट्यवधी डॉलर पणाला लागलेले असताना, एका माणसाला विचारावं लागलं. आमच्या त्या पाच पोरांना कोणी विचारलं?

मित्र म्हणेल, निवडक उदाहरणं देतोस. तर माझ्या विरुद्ध जाणारं उदाहरणही मीच देतो. २९ जुलै २०१५. मेट्सचा विल्मर फ्लोरेस मैदानावर शॉर्टस्टॉपच्या जागी उभा होता आणि रडत होता. त्याची मिलवॉकीला बदली झाल्याची बातमी प्रेक्षकांच्या फोनवर आली होती. लोक उभे राहून त्याला निरोपाच्या टाळ्या देत होते, म्हणून त्याला कळलं. सोळाव्या वर्षापासून तो या संस्थेत होता, त्याला दुसरं घर माहीत नव्हतं. तो बाहीने डोळे पुसत पुढच्या चेंडूसाठी वाकला. ते दृश्य पाहून ज्याला बैलबाजार आठवला नसेल, त्याच्यापाशी काळीज नाही, हे मी मान्य करतो. तो व्यवहार समोरच्या खेळाडूच्या वैद्यकीय तपासणीवरून फिसकटला. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, त्याच फ्लोरेसने बाराव्या डावात होमरन मारून सामना जिंकून दिला आणि छातीवरचं मेट्स हे नाव मुठीत धरून धावला. त्याच दिवशी मुदत संपता संपता मेट्सनी फलंदाज सेस्पेडिसला आणलं आणि त्या वर्षी पेनंट जिंकलं. म्हणजे आपला माणूस आणि आणलेला माणूस दोघेही लागले.

पण फ्लोरेसला कळलं कसं, ते वाईटच होतं. नियम असूनही वाईट होतं. आणि जे नियम आज आहेत ते मालकांनी प्रेमाने दिलेले नाहीत. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा तो कृष्णवर्णीय खेळाडू म्हणाला, मी काही वस्तू नाही, जाणार नाही. कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली. पण त्याने उघडलेली वाट पुढे रुंदावली. १९७५ च्या डिसेंबरात लवादाने खेळाडूला आयुष्यभर बांधून ठेवणारं कलम मोडीत काढलं. दहा वर्षांवाला नकाराचा हक्कही खेळाडूंच्या संघटनेने भांडून घेतलेला.

आता आपल्याकडच्या 'आपल्या माणसां'कडे वळू. आमच्या कोकणपट्टीचा खरा खेळ कबड्डी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा आम्ही सगळे यू मुंबाचे झालो. २०१८ मध्ये चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. त्याने पहिल्याच मोसमात दोनशेच्या वर गुण मिळवले. पुढच्या लिलावात तो १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सचा झाला. पुणेरी पलटणने २०२४ च्या १ मार्चला पहिल्यांदा करंडक जिंकला, तो इराणी बचावपटू शादलूच्या जोरावर. पुढच्या मोसमात तोच शादलू हरियाणा स्टीलर्सकडे, आणि डिसेंबरात हरियाणाने करंडक उचलला तो पुण्यातच, बालेवाडीला! कोणी रडलं नाही, कोणी टाळ्या देऊन निरोप दिला नाही. लिलावाच्या दिवशी आपण आकडा ऐकतो, 'बापरे' म्हणतो आणि चॅनल बदलतो. हातोडा पडला की त्या खेळाडूने कुठे जायचं ते ठरलेलं. आयपीएलमध्ये विकला गेल्यावर इंग्लंडच्या हॅरी ब्रूकने माघार घेतली, तर दोन वर्षांची बंदी. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर संघ बदलून आलेल्या हार्दिक पांड्याची हुर्यो उडवणारे आपणच होतो. बदली संघांनी केली होती, शिव्या खेळाडूला.

तेव्हा बैलबाजार कुठे जास्त आहे, ते मित्राने ठरवावं. माझं म्हणणं एवढंच की बाहेरचा माणूस संघात येणं हे पाप नाही. रणजीतही राज्यं बाहेरचे खेळाडू घेतात, ना हरकत प्रमाणपत्र मागून. मुंबईचा अर्जुन तेंडुलकर गोव्याकडून खेळतो, पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडून. कागदावर आहे, सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणाची मावशी काढावी लागत नाही. गावच्या स्पर्धेतला डावखुराही पोटापाण्यासाठीच येतो. सामन्यामागे ठरलेले पैसे घेतो. हाताला लागलं तर मात्र त्याला कोणी ओळखत नाही, कारण कागदोपत्री तो तिथे नव्हताच. खोट्या नावाने खेळणाऱ्याचं हाडही खोटंच मोडतं.

इथे आपला संबंध येतो. आपल्यापैकी किती जण दरवर्षी गावच्या चषकाला पैसे पाठवतात, हे मला माहीत आहे. मी पाठवतो. फ्लेक्सवर फोटो येतो, 'सौजन्य' म्हणून नाव येतं, बरं वाटतं. या वर्षीपासून मी अट घातली आहे, आणि तुम्हीही घालावी असं माझं म्हणणं आहे. पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक संघाची यादी मंडपात लावायची, खऱ्या नावाने. पाहुणे खेळाडू दोन की तीन ते आधी ठरवायचं आणि त्यांचा रकाना वेगळा करायचा. हरकत घ्यायची ती यादी लागल्यापासून पहिला चेंडू पडेपर्यंत, नंतर तोंड बंद. यादीतल्या प्रत्येकाचा स्पर्धेपुरता अपघात विमा, तो खर्च चषकाच्या रकमेतून. मोटारसायकल एक कमी द्या. गावकीत कोणी नाराज होईल, एखादा पुढारी रुसेल, हे मला कळतं. आपण लांब बसून शहाणपण शिकवतो, हा टोमणाही येणार. येऊ दे. पैसे घेताना कोणी लांब म्हणत नाही.

आणि गावचा कोण, हे ठरवताना आधार कार्ड चालणार नाही, निदान पनवेल तालुक्यात तरी. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. आता तिथे गाव नाही, धावपट्टी आहे. त्या पाच पोरांसाठी मामा दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या बापांचे प्रकल्पग्रस्त दाखले घेऊन मंडपात गेला होता. सरकारने शिक्का मारून सांगितलंय की हा माणूस या गावचा होता म्हणून त्याचं घर गेलं, याहून मोठा पुरावा कोणता? आयोजकाने दाखले उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "काका, ह्ये नोकरीसाठी चालतं. क्रिकेटला नाय चालत."

माझ्या अटी मी मामाला कळवल्या. त्याने पुढच्या मोसमाच्या यादीचा कच्चा खर्डा पोराच्या वहीत लिहून त्याचा फोटो पाठवला. चौदा नावं, प्रत्येकासमोर जुन्या गावातल्या घराचा नंबर. पंधरावी ओळ कोरी. खाली विचारलंय, "तुजं नाव घालू का? आईचं गाव त हेच."

मी कळवलं, घाला, पण पाहुण्यांच्या रकान्यात.